तळाला गेलेल्या संघाच्या हाती काय असतं?

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये नव्या खेळाडूंची निवड, म्हणजे ड्राफ्ट, कोणता संघ कितव्या क्रमांकाने करणार हे लॉटरीने ठरतं. या ड्राफ्ट लॉटरीची खरी सोडत टीव्हीवर दिसत नाही. ती आधीच, बंद खोलीत होऊन गेलेली असते. खोलीत संघांचे प्रतिनिधी, मोजके पत्रकार आणि हिशेबतपासनीस. सगळ्यांचे फोन आधीच काढून घेतलेले. यंत्रात १ ते १४ आकडे लिहिलेले पिंगपाँगचे चौदा चेंडू. वीस सेकंद ते घुसळले जातात आणि पहिला चेंडू बाहेर येतो. मग दहा-दहा सेकंदांनी आणखी तीन. वेळ झाली हे सांगणाऱ्या माणसाची यंत्राकडे पाठ असते, म्हणजे चेंडू बघून इशारा द्यायची सोयच नाही. चौदातून चार चेंडूंचे १००१ संच होतात. एक बाद धरतात आणि उरलेले १००० संच प्ले-ऑफ हुकलेल्या चौदा संघांमध्ये वाटलेले असतात. तळाच्या तीन संघांकडे प्रत्येकी १४०. सहा महिने, ८२ सामने मार खाल्ल्यावर पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता एवढीच, १४ टक्के.

२०१९ च्या आधी सर्वांत तळाच्या संघासाठी ती २५ टक्के होती. मुद्दाम हरण्याला आळा बसावा म्हणून लीगने ती उतरवली. शिवाय सोडत फक्त पहिल्या चार क्रमांकांची. पाचव्यापासून पुढे गुणतक्त्याचा उलटा क्रम. त्यामुळे सर्वांत वाईट संघ पाचव्यापर्यंत घसरू शकतो, आणि तसं होण्याची शक्यता ४७.९ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मी. डेट्रॉइट पिस्टन्स २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं तळाला राहिले आणि दोन्ही वेळा त्यांच्या वाट्याला पाचवा क्रमांक आला. त्यातल्या दुसऱ्या हंगामात तर त्यांनी ओळीने २८ सामने गमावले होते. २०२५ मध्ये १७ विजय आणि ६५ पराभव अशी सर्वांत वाईट कामगिरी असलेला युटा जॅझ पाचव्यावर गेला. ज्यांची शक्यता जेमतेम १.८ टक्के होती त्या डॅलस मॅव्हरिक्सला पहिला क्रमांक मिळाला, आणि त्याबरोबर त्या वर्षीचा सर्वांत नावाजलेला नवा खेळाडू, कूपर फ्लॅग.

म्हणूनच तळ गाठायचा, ड्राफ्टमधून एक मोठा खेळाडू घ्यायचा आणि वर यायचं, हे तोंडी बसलेलं सूत्र मला मुळातच अपुरं वाटतं. हरून पदरात पडते ती एक संधी, आणि तीही अर्धी-कच्ची. गाळात गेलेला संघ बाहेर काढण्याचं खरं काम इतरत्र चालतं: दुसऱ्यांच्या भविष्यातले ड्राफ्टचे हक्क गोळा करण्यात, नको असलेले करार अंगावर घेण्यात, विसाव्या वर्षी आलेल्या पोराला खेळायला वेळ देण्यात, आणि कधी थांबायचं हे ओळखण्यात. २०२५ चा विजेता ओक्लाहोमा सिटी थंडर हे त्याचं सगळ्यात बारकाईने बघण्यासारखं उदाहरण आहे.

आयपीएल बघणाऱ्याला इथे एक गोष्ट वेगळी वाटेल. आपल्याकडे लिलाव असतो. पैसे टाकले की खेळाडू येतो आणि मेगा लिलावात दर काही वर्षांनी सगळा डाव पुन्हा मांडला जातो. एनबीएत नवा खेळाडू लिलावात येत नाही. ३० संघ, दोन फेऱ्या, साधारण ६० नावं. ज्याची पाळी त्याने निवडायचं. पहिल्या फेरीत निवडलेल्याचा पगारही ठरीव श्रेणीतला: दोन वर्षं पक्की आणि पुढची दोन संघाच्या मर्जीवर. चार वर्षं संपली तरी इतर संघाच्या प्रस्तावाइतका पगार देऊन खेळाडू ठेवून घेण्याचा हक्क मूळ संघाकडे असतो. यातच सगळी किंमत आहे. जेतेपदाच्या वर्षी ओक्लाहोमाच्या जेलन विल्यम्सचा पगार पन्नास लाख डॉलरच्या आत होता आणि चेट होल्मग्रेनचा १.१ कोटीच्या आसपास. याच तोडीचे दोन प्रस्थापित खेळाडू बाजारातून आणायचे तर चार-पाच पट मोजावे लागले असते, आणि मुळात ओक्लाहोमा सिटीला यायला ते तयार व्हायला हवेत. लॉस एंजेलिस किंवा मायामीत मोठा खेळाडू स्वतःहून येतो. गवताळ मैदानातल्या या मध्यम शहरात येत नाही. २०१६ च्या जुलैमध्ये संघाचा आघाडीचा खेळाडू केव्हिन ड्युरँट करार संपवून गोल्डन स्टेटला गेला तेव्हा मोबदल्यात ओक्लाहोमाला काहीही मिळालं नाही. हा घाव सरव्यवस्थापक सॅम प्रेस्टी विसरले नसावेत, असं त्यांच्या पुढच्या व्यवहारांवरून दिसतं.

आता एका पिकचा प्रवास बघू. ड्राफ्टमधल्या निवडीच्या हक्काला सगळे पिकच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

२००७ चा उन्हाळा. आजचा ओक्लाहोमाचा संघ तेव्हा सिएटलमध्ये होता, नाव सुपरसॉनिक्स. फिनिक्स सन्सला लक्झरी टॅक्स, म्हणजे पगारखर्च ठरावीक रेषेपलीकडे गेला की लीगला भरावा लागणारा कर, वाचवायचा होता, म्हणून त्यांनी कर्ट थॉमस या वयस्कर खेळाडूचा करार कुणीतरी घ्यावा यासाठी वर दोन पहिल्या फेरीचे पिक द्यायची तयारी दाखवली. नुकत्याच रुजू झालेल्या प्रेस्टींनी करार घेतला, पिक ठेवले. त्यातला एक २००८ मध्ये चोविसावा ठरला आणि त्यावर सर्ज इबाका आला. २०१२ ला अंतिम फेरी गाठलेल्या संघाचा तो आधार होता. २०१६ मध्ये, त्याचा करार संपायला वर्ष उरलेलं असताना, त्याला ऑर्लँडोला देऊन व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांतास साबोनिस घेतले. साबोनिस त्याच रात्री अकराव्या क्रमांकावर निवडला गेला होता. वर्षभरात हे दोघे इंडियानाला गेले आणि पॉल जॉर्ज आला. २०१९ च्या जुलैमध्ये जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला, आणि तिथून आला तो शे गिलजस-अलेक्झांडर. शिवाय पहिल्या फेरीचे पाच पिक. त्यातल्या २०२२ च्या पिकवर बाराव्या क्रमांकाला जेलन विल्यम्स. टॅक्स वाचवू पाहणाऱ्या एका संघाचा नकोसा करार घेतला, त्याची अखेर अठरा वर्षांनी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूत आणि त्याच्या जोडीदारात झाली. या साखळीत लॉटरीतलं नशीब ओक्लाहोमाला कुठेच लागलं नाही. प्रत्येक वेळी त्यांनी माल हातात असताना आणि त्याला भाव असताना सौदा केला.

क्लिपर्सनी एवढी किंमत का मोजली, हे समजून घेण्यासारखं आहे. कवाय लेनर्ड हा मोठा खेळाडू त्या उन्हाळ्यात करारातून मोकळा होता आणि जॉर्ज सोबत असेल तरच येईन अशी त्याची अट होती. म्हणजे क्लिपर्स एका सौद्यातून दोन मोठे खेळाडू मिळवत होते. जॉर्जच्या करारात अजून वर्षं शिल्लक होती, त्यामुळे प्रेस्टींना घाई नव्हती. घाई सगळी समोरच्याला. असा प्रसंग विक्रेत्याला क्वचितच मिळतो.

त्या सौद्याची मांडणीही बघा. २०२२, २०२४ आणि २०२६ हे क्लिपर्सचे स्वतःचे पिक. २०२१ आणि २०२३ हे क्लिपर्सकडे असलेले मायामीचे. आणि २०२३ व २०२५ साली पिकची अदलाबदल करण्याचा हक्क. सम वर्षांना पिक आणि विषम वर्षांना अदलाबदल, हा योगायोग नाही. क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संघाचे पुढचे पिक असे काही उधळले की लीगला नियमच करावा लागला: लागोपाठ दोन वर्षं पहिल्या फेरीचा एकही पिक हातात नाही, अशी वेळ कोणत्याही संघाने भविष्यासाठी स्वतःवर आणायची नाही. त्यामुळे एकाआड एक वर्षाचा पिक विकता येतो आणि मधल्या वर्षासाठी अदलाबदल देता येते. अदलाबदलीत पिक जात नाही, फक्त चांगला समोरच्याला आणि वाईट आपल्याला. २०२५ मध्ये ६८ सामने जिंकणाऱ्या ओक्लाहोमाचा स्वतःचा पिक तिसावा, म्हणजे फेरीतला शेवटचा होता. तो क्लिपर्सच्या गळ्यात घालून त्यांनी चोविसावा घेतला.

त्याच महिन्यात, २०१९ च्या जुलैमध्ये, ओक्लाहोमाचा रसेल वेस्टब्रूक ह्यूस्टनला गेला. बदल्यात ख्रिस पॉल आणि आणखी पिक. पॉलचं वय ३४, पगार अवाढव्य. बहुतेक संघांनी त्याला घरी बसवलं असतं. ओक्लाहोमाने त्याला खेळवलं. २०१९-२० मध्ये ४४ विजय, २८ पराभव झाले, प्ले-ऑफची पहिली फेरी सातव्या सामन्यापर्यंत ताणली, आणि पॉलचा भाव पुन्हा वर आला. मग फिनिक्सला विकून आणखी एक पहिल्या फेरीचा पिक. या वर्षात शे एका जाणत्या गार्डशेजारी, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव मांडणाऱ्या खेळाडूशेजारी, उभा राहून शिकला. क्लिपर्समध्ये पदार्पणाच्या हंगामात त्याची सरासरी १०.८ गुण होती, आणि या पोराचा इतका मोठा खेळाडू होईल असं तेव्हा कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तो अकरावा होता. शार्लटने त्याला निवडून त्याच रात्री क्लिपर्सच्या स्वाधीन केलं होतं.

त्यानंतरची दोन वर्षं मात्र खरोखर हरण्याची होती. २२-५०, मग २४-५८. २ डिसेंबर २०२१ ला मेंफिसमध्ये १५२-७९ असा पराभव झाला. ७३ गुणांचा फरक, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा. शे त्या दिवशी खेळत नव्हता. अशा काळात संघ आतून कुजू शकतो, आणि पुनर्बांधणीतला हा धोका मला सगळ्यात गंभीर वाटतो. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला हरण्याची सवय लागली की बचावात पाय ओढले जातात आणि प्रत्येक जण आपापले गुण मोजायला लागतो. ओक्लाहोमाने प्रशिक्षक बदलला नाही. मार्क डेग्नॉल्ट हे जी-लीग या एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या त्यांच्याच संघाचे, ओक्लाहोमा सिटी ब्लूचे, पाच हंगाम प्रशिक्षक होते. २०२० मध्ये त्यांना वरचा संघ दिला आणि पराभवांच्या वर्षांत त्यांना धक्का लावला नाही. ब्लू त्याच शहरात खेळतो, त्याच पद्धतीने खेळतो, त्यामुळे कच्चा खेळाडू वर-खाली होत राहिला तरी त्याला दोन वेगळे खेळ शिकावे लागत नाहीत. लू डॉर्ट २०१९ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता. त्याला दुहेरी करारावर, म्हणजे दोन्ही संघांत खेळता येईल अशा कमी पगाराच्या करारावर घेतलं. २०२५ मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम बचाव-पंचकात होता. ॲरन विगिन्स २०२१ चा पंचावन्नावा. आयझेया जो याला फिलाडेल्फियाने सोडून दिलं होतं. जेतेपदाच्या संघातली ही माणसं तळाला राहण्याच्या जोरावर आलेली नाहीत.

पगाराच्या मर्यादेचा, म्हणजे कॅपचा, वापरही समजून घ्यायला हवा. दुबळ्या संघाकडे महागडे खेळाडू नसतात, त्यामुळे कॅपखाली जागा असते. उलट किमान पगारखर्चही नियमाने करावाच लागतो, कॅपच्या ९० टक्के. मग ती जागा भाड्याने द्यायची. फिलाडेल्फियाला २०२० मध्ये अल हॉरफर्डचा मोठा करार नकोसा झाला. ओक्लाहोमाने तो घेतला, सोबत पहिल्या फेरीचा पिक घेतला. हॉरफर्ड २८ सामने खेळला, मग त्याला विश्रांती दिली आणि उन्हाळ्यात बॉस्टनला देऊन आणखी एक पिक मिळवला. २०२३ मध्ये डॅलसकडून डेव्हिस बर्तान्सचा करार अंगावर घेऊन बाराव्यावरून दहाव्यावर सरकले आणि केसन वॉलेसला उचललं. कर्ट थॉमसचीच युक्ती, सोळा वर्षांनी.

यात नशीबही फिरतं, आणि कायम आपल्याच बाजूने नाही. २०२१ चा ह्यूस्टनचा पिक पहिल्या चारांच्या बाहेर गेला असता तर ओक्लाहोमाला मिळणार होता. ह्यूस्टन सर्वांत तळाला होतं, म्हणजे पाचवा पिक मिळण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ. चेंडू ह्यूस्टनच्या बाजूने पडले आणि त्यांना दुसरा क्रमांक मिळाला. ओक्लाहोमाचा स्वतःचा पिकही सहाव्यावर घसरला. चार वर्षांनी हॉरफर्डच्या सौद्यातला फिलाडेल्फियाचा पिक असाच हुकला: पहिल्या सहांत आला तर फिलाडेल्फियाने ठेवायचा, अशी अट होती, आणि तो तिसरा आला. यालाच संरक्षित पिक म्हणतात. संघ भविष्यातला पिक विकताना स्वतःच्या भयंकर वर्षाचा विमा उतरवून ठेवतो. विकत घेणाऱ्याने ही अट नीट वाचायला हवी. कागदावर पाच पिक दिसतात आणि प्रत्यक्षात हातात तीन येतात. प्रेस्टींची खरी ताकद संख्येत होती. दोन हुकले तरी चालण्याइतके त्यांच्याकडे होते.

निवड करणं ही तर वेगळीच कला. मे महिन्यात शिकागोमध्ये ड्राफ्ट कम्बाइन होतं. तिथे बूट काढून उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उभ्याने वर हात केल्यावरची पोच आणि उडी मोजतात. वैद्यकीय तपासणी आणि मुलाखती होतात. हातांची लांबी मला सगळ्यात बोलकी वाटते, कारण ती शिकवता येत नाही. सांता क्लारासारख्या लहान कॉलेजातून आलेल्या जेलन विल्यम्सची उंची साडेसहा फुटांच्या आत, पण हातांचा पसारा सात फूट दोन इंच. तो तीन वर्षं कॉलेजात खेळला होता, बहुतेक वेळ चेंडू हातात घेऊन. म्हणजे गार्डचं डोकं आणि बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच फॉरवर्डचे हात. नेमबाजी पारखायची तर कॉलेजातल्या तीन-गुणी टक्केवारीवर फार विसंबू नये. एका हंगामातले शे-सव्वाशे फटके म्हणजे फार थोडे. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्याची, टक्केवारी बघावी. तिथे बचावपटू नसतो, अंतर तेच, मनगट तेच. पुढे हा मुलगा लांबून नेम साधू शकेल का, याचा अंदाज त्यातून जास्त भरवशाने येतो.

आणि तरीही चुका होतात. ओक्लाहोमाच्याही झाल्या. २०२० मध्ये सतराव्यावर घेतलेला अलेक्सेय पोकुशेव्हस्की सात फुटांचा आणि विलक्षण हातांचा, पण टिकला नाही. २०२२ च्या अकराव्या पिकसाठी त्यांनी न्यूयॉर्कला भविष्यातले तीन पहिल्या फेरीचे पिक दिले आणि उस्मान डिएंग घेतला. पुढच्याच, बाराव्या क्रमांकावरचा विल्यम्स त्याच्या कितीतरी पुढे निघून गेला. लीगमधले सर्वांत हुशार समजले जाणारे लोक, लागोपाठचे दोन पिक, आणि कोण मोठा होईल हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. म्हणून पिक जास्त हवेत.

करारातला एक बारकावा इथे बऱ्याच संघांना नडतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचं तिसरं वर्ष ठेवायचं की नाही, हे त्याचा दुसरा हंगाम सुरू होताना, ३१ ऑक्टोबरपर्यंत ठरवावं लागतं. म्हणजे जेमतेम एक हंगाम बघून. ज्या संघाने त्या हंगामात मुलाला बाकावर बसवून ठेवलं, त्याच्याकडे ठरवायला काहीच नसतं. हरणाऱ्या संघाकडे सगळ्यात मौल्यवान असते ती मैदानावरची मिनिटं. ती जुन्या, जाणाऱ्या खेळाडूंवर खर्च केली तर हरणंही वाया गेलं.

फिलाडेल्फियाची गोष्ट याच्या उलट बाजूची. २०१३ मध्ये सॅम हिंकी आले आणि त्यांनी हरण्याचा हिशेब कुणीच केला नव्हता इतक्या उघडपणे केला. १९-६३, १८-६४, १०-७२. लॉटरीत तेव्हा तळाला २५ टक्के मिळत, त्यामुळे गणित आजच्यापेक्षा बरं होतं. जोएल एम्बीड त्यांना तिसऱ्या क्रमांकावर मिळाला, आणि २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे विसरता कामा नये. पण एम्बीड पायाच्या दुखापतीने पहिले दोन हंगाम खेळलाच नाही. त्याच्याआधी नर्लन्स नोएल घेतला होता, नंतर जालील ओकाफोर, तिघेही सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे सर्वांत उंच खेळाडू. नाव सर्वांत वर असेल ते घ्या, जागा नंतर बघू, हे तत्त्व कागदावर बरोबर आहे. मैदानावर मात्र एका वेळी एकच सेंटर धड खेळू शकतो, बाकीच्यांची मिनिटं घटतात आणि त्यांचा भावही. नोएल आणि ओकाफोर पुढे गेले ते मातीमोल किमतीला. त्या ड्रेसिंग रूममध्ये मुलांना सांभाळणारं जाणतं माणूसही जवळजवळ नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये हिंकींनी राजीनामा दिला. नंतर आलेल्यांनी २०१७ मध्ये तिसऱ्यावरून पहिल्यावर सरकण्यासाठी बॉस्टनला जादा पिक दिला आणि मार्केल फुल्ट्झ घेतला. बॉस्टनने तिसऱ्यावर जेसन टेटम घेतला. खांद्याच्या दुखण्यात फुल्ट्झचा फटका हरवला. या सगळ्या हरण्यातून फिलाडेल्फिया प्ले-ऑफच्या दुसऱ्या फेरीपलीकडे गेलेलं नाही.

तो तिसरा पिक फिलाडेल्फियाकडे आला कुठून, तर सॅक्रामेंटो किंग्जकडून. २०१५ मध्ये किंग्जना बाजारातून खेळाडू आणायला कॅपखाली जागा हवी होती, म्हणून त्यांनी काही करार फिलाडेल्फियाला दिले आणि वर निक स्टाउस्कस, भविष्यातला पहिल्या फेरीचा पिक आणि अदलाबदलीचा हक्क दिला. दोन वर्षांनी लॉटरीत किंग्ज तिसऱ्यावर चढले आणि तो तिसरा क्रमांक फिलाडेल्फियाने बदलून घेतला. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी २०१३ मध्ये हा संघ घेतला, त्यामुळे मराठी वाचकाचा जीव किंग्जमध्ये थोडा गुंततोच. २००६ नंतर ओळीने १६ हंगाम प्ले-ऑफ नाही, हा लीगचा विक्रम. त्या काळात वरचे पिक त्यांना वर्षानुवर्षं मिळत होते. २०११ मध्ये त्यांच्याकडे जिमर फ्रेडेट दहावा, पुढचाच क्ले थॉम्पसन. २०१२ मध्ये थॉमस रॉबिन्सन पाचवा, पुढचाच डेमियन लिलार्ड. २०१८ मध्ये दुसऱ्यावर मार्विन बॅगली, आणि तिसऱ्यावर लुका डॉन्चिच गेला. सोळा वर्षं तळाला राहूनही संघ उभा राहिला नाही, याचं कारण नुसतं नशीब म्हणता येणार नाही. प्रशिक्षक सतत बदलत होते, आणि रॉबिन्सनला तर पहिला हंगाम पुरा व्हायच्या आतच विकून टाकलं.

बरोबर निवड झाली तीही त्यांनी ठेवली नाही, पण इथे मी किंग्जना पूर्ण दोष देणार नाही. २०२० मध्ये बाराव्यावर टायरीस हॅलिबर्टन मिळाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला इंडियानाला देऊन डोमांतास साबोनिस घेतला, तोच, इबाकाच्या साखळीतला. त्याआधी सुमारे सव्वादोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सराव सामने झाले होते, तेव्हा साबोनिस पेसर्सच्या संघात होता. मुंबईतल्या पोरांनी बघितलेला तो पहिला सामना १३२-१३१ असा जादा वेळेत पेसर्सनी जिंकला. साबोनिस आल्यावर २०२२-२३ मध्ये किंग्जनी ४८ सामने जिंकले आणि दुष्काळ संपला. सोळा वर्षं वाट बघितलेल्या शहराला तो हंगाम मिळायलाच हवा होता, असं मला मनापासून वाटतं. पण एकवीस वर्षांचा, स्वस्त करारावरचा, चेंडू अचूक वाटणारा गार्ड देऊन पंचविशीतला सेंटर घेणं म्हणजे छत लवकर टाकणं. २०२५ मध्ये हॅलिबर्टन इंडियानाला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला, समोर ओक्लाहोमा. त्या सामन्यात त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि ओक्लाहोमाने १०३-९१ असा विजय मिळवला.

ओक्लाहोमाला थांबायचं कधी हे कळलं, याचं मला जास्त कौतुक वाटतं. २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर होल्मग्रेन मिळाला, ऑगस्टमध्ये सिएटलच्या एका प्रदर्शनी सामन्यात लेब्रॉन जेम्सला अडवताना त्याच्या उजव्या पायाला दुखापत झाली आणि हंगाम गेला. आणखी एक वर्ष तळाला लोळायला आयतं निमित्त होतं. त्यांनी तसं केलं नाही. शे पूर्ण ताकदीने खेळला, ४० विजय आणि ४२ पराभव झाले. पुढच्या वर्षी ५७-२५. मग २०२४ च्या जूनमध्ये सहाव्यावर निवडलेला जॉश गिडी शिकागोला देऊन ॲलेक्स करूसो घेतला, एकास एक. गिडी वाईट नव्हता. तो चेंडू हातात घेऊन खेळणारा, आणि लांबून त्याचा नेम भरवशाचा नाही, म्हणून प्ले-ऑफमध्ये विरोधी संघ त्याला मोकळा सोडून शे आणि विल्यम्सवर माणसं टाकत. स्वतःच्या निवडीबद्दलचा जिव्हाळा बाजूला ठेवून हे कबूल करणं सोपं नसतं. करूसोने पुढच्या वसंतात डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात आपल्याहून अर्ध्या फुटाने उंच निकोला योकिचला अंगावर घेतलं. सेंटर आयझेया हार्टेनस्टाइन बाजारातून आला, तीन वर्षांचे ८.७ कोटी डॉलर. विल्यम्स आणि होल्मग्रेन श्रेणीतल्या पगारावर असेपर्यंतच हे परवडणार होतं.

ती मुदत २०२५ नंतर संपत आली. २०२५ च्या जुलैमध्ये शेचा चार वर्षांचा सुमारे २८.५ कोटी डॉलरचा, विल्यम्सचा पाच वर्षांचा २८.७ कोटींपर्यंत जाणारा आणि होल्मग्रेनचा २५ कोटींपर्यंतचा करार झाला. २०२३ च्या कामगार करारानंतर दुसरा एप्रन म्हणून जी वरची पगाररेषा आली, ती ओलांडणाऱ्याला दोन पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक विकता येत नाही. तीन मोठ्या पगारांभोवती संघ ठेवायचा तर चौथ्यापासून दहाव्या माणसापर्यंत बरेच जण ड्राफ्टच्या स्वस्त करारावरचे लागतील. विजयाच्या तीन दिवसांनंतर, २५ जून २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, प्रेस्टींनी पंधराव्यावर जॉर्जटाउनचा सेंटर थॉमस सॉर्बर घेतला. सप्टेंबरमध्ये सरावात त्याच्या उजव्या गुडघ्याचा बंध तुटला. क्लिपर्सकडून आलेला चोविसावा पिक त्यांनी त्याच रात्री सॅक्रामेंटोला विकला, २०२७ च्या पहिल्या फेरीच्या एका संरक्षित पिकच्या बदल्यात. पॉल जॉर्जच्या सौद्यातला शेवटचा पिक, २०२६ चा, त्यानंतरही शिल्लक होता.